बिऱ्हाड हलवण्यापूर्वी



शाळांचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामात दर वर्षी एक दृश्य दिसते. रविवारच्या मिस्सानंतर दोन-तीन कुटुंबे मागे थांबतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला नव्या धर्मगुरूंसाठी ओळखपत्र. "फादर, आम्ही आता जळगाव सोडतोय," असे म्हणताना आवाज थोडा बदललेला असतो.

यंदाही एक कुटुंब थांबले होते. नवरा खाजगी कंपनीत, बायको नर्स, दोन शाळकरी मुले आणि घरात आजी. कंपनीने दोन ठिकाणे पुढे ठेवली होती, धुळे आणि सुरत. नवरा म्हणाला, "फादर, धुळ्याचं वातावरण बरं नाही म्हणतात, दंगली होतात. सुरतेला आपले खानदेशी लोक पुष्कळ, पण आपण पडलो ख्रिस्ती, तिकडची हवा कशी असेल?" आजी मध्येच म्हणाल्या, "अरे, पाणी बघ, पोरांची शाळा बघ, चर्च किती लांब ते बघ. राजकारणाचं आपल्याला काय करायचंय?"

आम्ही घाईत होतो. "आजी बरोबर बोलतात. राजकारण काय, सगळीकडे सारखंच," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. ते कुटुंब निघून गेले, पण त्या वाक्याने आमची पाठ सोडली नाही. आम्हा धर्मगुरूंना गाव निवडावे लागत नाही. महागुरुस्वामींचे पत्र येते आणि आम्ही बॅग भरतो. जिथे जाऊ तिथे छप्पर तयार असते, ओळखही तयार असते. खोली शोधत दारोदार फिरण्याची पाळी आमच्यावर कधी आलेली नाही. अशा माणसाने 'सगळीकडे सारखंच' म्हणणे फार स्वस्त आहे. म्हणून तो प्रश्न आज आपण सर्वांनी मिळून नीट विचारात घेऊ या. राहण्यासाठी गाव निवडताना तिथल्या राजकारणाचा, तिथल्या सार्वजनिक वागणुकीचा विचार करावा का? की श्रद्धावंताने देवावर भार टाकून पगार, पाणी आणि शाळा एवढेच पाहावे?

पवित्र शास्त्रात हा प्रश्न एका घरापुढे अगदी याच रूपात उभा राहिला होता, आणि ते घर म्हणजे पवित्र कुटुंब. मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण नाताळच्या दिवसांत ऐकतो. हेरोद मरण पावला, मिसर देशातून परतायची वेळ झाली. योसेफ बाळ येशूला आणि मरियेला घेऊन निघाला. पण यहूदियात हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळल्यावर तो तिथे जायला घाबरला आणि गालीलातल्या नाझरेथला जाऊन राहिला. शुभवर्तमानकार ही भीती लपवत नाही. तिला अविश्वासही म्हणत नाही. उलट स्वप्नात योसेफाला त्याच दिशेने सूचना मिळते. अर्खेलावाची राजवट कशी होती हे इतिहासात नोंदलेले आहे. कारकिर्दीच्या आरंभीच त्याच्या सैन्याने वल्हांडणाच्या सणात सुमारे ३,००० लोक मारले, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. पुढे इ. स. ६ मध्ये प्रजेच्या तक्रारींवरून रोमच्या सम्राटानेच त्याला पदावरून काढले.

म्हणजे योसेफाने राज्यकर्ता कोण हे पाहून गाव निवडले. मात्र गालीलात काही रामराज्य नव्हते. तिथे हेरोदाचाच दुसरा मुलगा, अंतिपास, सत्तेवर होता. पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद त्यानेच करवला. योसेफाला निर्दोष गाव मिळाले नाही, कारण ते कुठेच नव्हते. दोन वाईटांमधला फरक त्याने पाहिला आणि त्या फरकाला किंमत दिली. 'सगळीकडे सारखंच' असे तो म्हणाला असता तर काय झाले असते?

याउलट लोटाची गोष्ट पाहा. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम आणि लोट वेगळे होतात. अब्राहाम पुतण्याला म्हणतो, तुला हवी ती बाजू आधी निवड. लोटाने डोळे वर करून पाहिले. यार्देनेचे खोरे भरपूर पाण्याचे होते. त्याने ते निवडले आणि सदोमाच्या दिशेने तंबू हलवला. तिथली माणसे कशी आहेत हे शास्त्र लगेच पुढच्या ओळींत सांगते, पण लोटाने ते विचारल्याचे कुठे लिहिलेले नाही. त्याने आपल्या आजींसारखे फक्त पाणी पाहिले.

आजींनी रागावू नये. आम्हा खानदेशातल्या माणसांना पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. धुळ्याला जाणारा प्रत्येक जण 'नळाला किती दिवसांनी पाणी येतं?' हे आधी विचारतो, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. पण नळाला पाणी कधी येते, कोणत्या गल्लीला आधी येते, कोणत्या वस्तीला पाइपच पोहोचत नाही, हे पावसावर जितके अवलंबून असते तितकेच नगरसेवकावर आणि त्याला जाब विचारणाऱ्या किंवा न विचारणाऱ्या मतदारावर अवलंबून असते. पाणी, शाळा, दवाखाना हे राजकारणाबाहेरचे विषय आहेत असे आपल्याला वाटते, तोवरच आजींचे म्हणणे खरे वाटते.

सुरतेचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यात आपले खानदेशी कामगारही होते. घाण, तुंबलेली गटारे आणि दुर्लक्ष यांनी ते शहर आजारी पडले होते. मग १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरू लागले, अतिक्रमणे निघाली, कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला, आणि दोन वर्षांच्या आत तेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले गेले. तापी तीच, माणसेही तीच. कारभार बदलला तशी मजुराच्या मुलाची जगण्याची शक्यता बदलली.

आता आपले जळगाव. 'धुळे वाईट, आपलं गाव बरं,' असे आपण सहज म्हणतो. १९९० च्या दशकात आपल्या नगरपालिकेने गोरगरिबांसाठी घरकुल योजना काढली. ठरलेल्यांपैकी बरीचशी घरे उभीच राहिली नाहीत. २००६ मध्ये पालिकेच्याच आयुक्तांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली; तो न्यायालयांचा विषय आहे. आपल्यापुरते लक्षात ठेवायचे ते असे की ते न्यायालय धुळ्याचे होते. ज्या शहराला आपण नावे ठेवतो, तिथे आपल्या शहराचा हिशेब झाला.

राजकारण म्हणजे फक्त वर कोण बसला आहे एवढेच का? नाही. राज्यकर्ता चांगला आणि शहर मात्र कठोर, असेही होते. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले. तिथले महाराज सयाजीराव गायकवाड त्या काळातले सर्वांत पुरोगामी संस्थानिक होते. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. अर्खेलावाच्या अगदी उलट असा राजा. पण त्या राजाच्या शहरात बाबासाहेबांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. एका बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि शेवटी बडोदे सोडले.

आपल्यासाठी ही गोष्ट इथे संपत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. ते दांपत्य मूळच्या ब्राह्मण घराण्यातले होते. धर्म बदलला होता, पण घरात कोणाला घ्यायचे याचे नियम बदलले नव्हते. तिथूनही नकारच आला. बडोद्याची संस्कृती त्या दिवशी दरबारात ठरली नाही. ती एका ख्रिस्ती घराच्या उंबरठ्यावरही ठरली.

आणि बडोदे लांब आहे असे कोणी म्हणू नये. १९२९ मध्ये बाबासाहेब मुंबई सरकारच्या एका समितीचे सभासद म्हणून धुळ्याला चौकशीसाठी आले होते. परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तिथल्या बांधवांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. पण एकही टांगेवाला त्यांना नेईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. सवय नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला, नदीच्या पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. टांगेवाल्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. 'आम्ही नेत नाही,' एवढेच ते म्हणाले होते. गावाची राजकीय संस्कृती म्हणजे अशा लहान लहान नकारांची आणि होकारांची बेरीज.

ज्यांनी हे भोगले त्यांनी गाव सोडले, तर तो पळपुटेपणा नव्हता. बाबासाहेबांचे खेड्याविषयीचे मत सर्वांना ठाऊक आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी नगर जिल्ह्यातली गावे सोडून भुसावळच्या रेल्वेत, कारखान्यांत, शहरांतल्या चाळींत बिऱ्हाड थाटले ते केवळ पगारासाठी नव्हे. मान वर करून चालता येईल अशी जागा त्यांना हवी होती. भारताच्या संविधानाच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात हाच हक्क मानवी हक्क म्हणून मांडला. तेव्हा आमच्याकडे आलेल्या त्या भावाची भीती योग्य होती. धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ रोजी एका हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेले भांडण इतके पेटले की पोलिसांच्या गोळीबारात ६ तरुण मेले. सुरतेच्या बाजूला पाहावे तर शेजारच्या डांग जिल्ह्यात १९९८ च्या नाताळात प्रार्थनामंदिरे जाळली गेली, आणि गुजरातेत धर्मांतराविषयीचा कायदा २००३ पासून आहे. पोराबाळांच्या बापाने हे मनात आणणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. योसेफानेही ते मनात आणले होते.

पण इथे एक पळवाट आहे, तिच्यापासून सावध राहू या. 'आपली माणसं जिथे जास्त, तिथे जावं,' असे आपण म्हणतो. सुरतेत खानदेशी माणसाला आधार आहे हे खरेच. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील तिकडच्या नवसारी मतदारसंघातून २००९ ते २०२४ च्या चारही निवडणुकांत खासदार झाले. परमुलखात गेलेल्या समाजाने असे पाय रोवणे कौतुकाचे आहे. तरीही विचार करा. त्याच शहरात तुम्ही खानदेशी म्हणून पुष्कळांपैकी एक, आणि ख्रिस्ती म्हणून मूठभरांपैकी एक. 'आपली माणसं' कोण, हे प्रश्न विचारणाऱ्यावर बदलते. जिथे आपला वशिला चालतो ते गाव आपल्याला सोयीचे असेल, पण ते न्यायी आहे असे त्यावरून ठरत नाही. न्यायी गाव ते, जिथे ज्याचा वशिला नाही त्याचेही काम होते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सॉक्रेटिसाचा एक संवाद शिकलो होतो. इ. स. पूर्व ३९९. तुरुंगात त्याचा मित्र क्रितो येतो आणि म्हणतो, पळून चल, थेस्सलीत आपली माणसे आहेत. सॉक्रेटिस त्या गावाची संस्कृती तपासतो. थेस्सलीत बेबंदशाही आहे, तिथे जाऊन मी न्यायाविषयी काय बोलू, असे तो विचारतो. पुढे तो अथेन्सच्या कायद्यांनाच बोलते करतो. ते त्याला म्हणतात, सत्तर वर्षे तुला हे शहर सोडून सामानसुमानासह कुठेही जाण्याची मोकळीक होती, तू गेला नाहीस. म्हणजे आमच्याशी तुझा करार झाला. त्या निष्कर्षाशी आपण सहमत असू वा नसू, एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. जो राहतो तो त्या गावाला जबाबदार होतो. 'मी फक्त भाडेकरू' असे म्हणून सुटता येत नाही.

शिवाय, निवडण्याची संधी तरी कितीजणांना असते? ज्याला शिक्षण आहे, चार पैसे आहेत, तो चांगले गाव शोधतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणारा मजूर शोधत नाही, जिथे काम मिळेल तिथे तो जातो. निवडू शकणारे सगळे निघून गेले तर उरलेल्यांसाठी कोण बोलणार? सदोमासाठी अब्राहामाने देवाशी घासाघीस केली ती पन्नासांपासून दहांपर्यंत. एका शहराला वाचवायला दहा नीतिमान माणसे पुरली असती. ती मिळाली नाहीत.

आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या जिवाचे मोल काय असते, ते आपल्या खानदेशानेच देशाला दाखवले आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. ग्रामपंचायत हे आपल्या लोकशाहीचे सर्वांत लहान घर. त्या घरात परका माणूस सुरक्षित राहिला नाही. त्या पाच जणांनी गाव निवडताना कशाची चौकशी करायला हवी होती? त्यांच्या बाजूने हा प्रश्नच निरर्थक आहे. तो प्रश्न गावाला विचारायचा असतो.

म्हणून त्या कुटुंबाला आम्ही पुन्हा बोलावले आणि आधी आमचे शब्द मागे घेतले. मग सांगितले, राजकारण जरूर पाहा, पण पक्षाचा झेंडा पाहू नका, आणि वर्तमानपत्रातल्या एका बातमीवर शहराचा निकालही लावू नका. दोन दिवस जाऊन या. तीन गोष्टी विचारा. ओळखपाळख नसलेल्या माणसाला तिथे रेशन कार्ड, नळ, दाखला मिळतो का? खोली भाड्याने देताना घरमालक आधी काय विचारतो, आडनाव की कामधंदा? आणि अफवा उठली, भांडण पेटले, तर मध्ये पडणारी माणसे त्या गल्लीत आहेत का, आणि ती कोण? हे प्रश्न पुढाऱ्याला विचारू नका. चहावाल्याला, रिक्षावाल्याला, सिव्हिलमधल्या नर्सला विचारा. आपल्याहून लहान समाजातल्या एखाद्या माणसाला तर नक्की विचारा. गावाची खरी खबर त्याच्याकडे असते.

आजींनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तिथे गेल्यावर?" आम्ही म्हटले, आजी, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पत्र लिहिले होते, त्यातले सांगणे तेच आपले. घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा, प्रार्थना करा. म्हणजे मतदार यादीत नाव घाला, वॉर्डाच्या सभेला जा, शेजाऱ्याच्या लग्नाला आणि मयताला जा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मतदानाला हक्क म्हटले तसेच कर्तव्यही म्हटले. साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. १९२४ मध्ये शिक्षक म्हणून अंमळनेरला आले आणि आज आपण त्यांना खानदेशचेच मानतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली आहेत. नव्या गावाने त्यांना घडवले, आणि त्यांनी गावाला.

त्या कुटुंबाचे अजून ठरलेले नाही. ते धुळ्याला जाऊन येणार आहेत. पण आमचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी नाही, इथेच राहणाऱ्या आपल्या सर्वांसाठी आहे. जून महिन्यात जशी काही कुटुंबे आपल्यातून जातात तशी काही येतातही. कोणी पावरा असेल, कोणी बिहारचा, कोणी मुसलमान, कोणी आपल्याच धर्माचा पण वेगळ्या जातीचा. त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या गल्लीतल्या चहावाल्याला तेच तीन प्रश्न विचारील. आपल्यातल्या काहींकडे भाड्याने द्यायची खोली आहे. दार वाजेल तेव्हा 'बायकोला विचारून सांगतो' असे म्हणण्यापूर्वी बडोद्याचे ते ख्रिस्ती घर आठवावे. जळगावची हवा कशी आहे, याचे त्या पाहुण्यापुरते उत्तर तुमच्या उंबरठ्यावर ठरणार आहे.

नाझरेथला अनोळखी म्हणून आलेल्या योसेफाला कोणीतरी जागा दिलीच असेल. त्या शेजाऱ्यांची नावे शास्त्रात नाहीत. आपल्याला त्यांच्या रांगेत बसता यावे, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

तुमचे धर्मगुरू